‘क’ श्रेणीतले वडील

नोटीस दफनभूमीच्या फाटकाला, डाव्या खांबावर चिकटवलेली होती, आणि ती वाचताना आधी त्याला चक्क बरं वाटलं. ही गोष्ट पुढे त्याला विसरता येईना. यादी त्याची होती. म्हणजे रकाने त्याने आखलेले: क्रमांक, दगडाचा प्रकार, लेखाची अवस्था, शेरा, श्रेणी. बारा वर्षांत साहेब बदलले, खात्याचं नाव दोनदा बदललं, पण त्या रकान्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. शेऱ्यातलं अक्षरसुद्धा त्याचंच, प्रतींवर प्रती काढून जरा फुगलेलं, तरी ओळखू येणारं. निवृत्त माणसं निघतात तसा तो सकाळचा फिरायला निघाला होता, हातात पावाची पिशवी होती, घाई कसलीच नव्हती. कपाळावरचा चष्मा खाली ओढून तो एकेक ओळ वाचत गेला, आपल्या मुलाचं प्रगतिपुस्तक वाचावं तसा. क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. साधा मऊ दगड. लेख झिजलेला. मृत व्यक्तीस ऐतिहासिक महत्त्व नाही. श्रेणी क. ‘झिजलेला’ हा शब्द त्याला खटकला. निम्मा झिजलेला की पुरता, ते लिहायला हवं होतं. आपण असं ढोबळ कसं लिहिलं म्हणून तो स्वतःवरच चिडला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की अकराशे सत्तेचाळीस म्हणजे आपले वडील.

वरचा मजकूर त्याने त्यानंतर वाचला, जो कुठल्याही शहाण्या माणसाने आधी वाचला असता. पूर्वेच्या कोपऱ्यातली ‘क’ श्रेणीची दोनशे सहा थडगी उचलून अवशेष एका सामाईक तळघरात, क्रमांक घातलेल्या पेट्यांमध्ये, ‘सन्मानपूर्वक’ ठेवले जाणार होते. मोकळ्या जागेत पर्यटकांसाठी माहिती केंद्र आणि स्वच्छतागृह व्हायचं होतं. हरकत असल्यास तीस दिवसांत, पुराव्यासह. त्याच्या मागे एक बाई छोटं कुत्रं घेऊन उभी राहिली आणि काय लिहिलंय म्हणून विचारू लागली. तो म्हणाला, काही नाही, सरकारी आहे.

त्याला लोक दगडमास्तर म्हणत. खात्यात तो मोजणीसाठी लागला आणि या एका दफनभूमीत चार वर्षं रुतला. चार हजारांवर थडगी होती. त्यांतली जुनी कोणाला वाचता येत नव्हती, आणि ती वाचायची युक्ती त्याच्याकडे होती. दगडासमोर उभं राहून अक्षरं दिसत नाहीत. बाजूने आरसा धरायचा, उन्हाचा कवडसा दगडावरून आडवा सरपटवायचा, की दोनशे वर्षांपूर्वी बुजलेलं नाव सावलीने भरून वर येतं. आरसा धरायला त्याच्या हाताखाली एक साहाय्यक मुलगी होती, नुकतीच नोकरीला लागलेली, उन्हाने नाक सोललेली. तो खाली बसून वाचायचा, ती कच्च्या वहीत लिहून घ्यायची, पक्की यादी रात्री तो स्वतः उतरवायचा. सुभेदाराचा वैद्य, अ. शहरातला पहिला छापखानावाला, अ. दोन नवऱ्यांना विष घालणारी बाई, अ, कारण तिचा खटला तीन पुस्तकांत छापलेला होता. वाईट माणसांचं इतिहासात बरं चालतं हे त्याला तेव्हाच कळायला लागलं होतं. नक्षीचा दगड पण खाली कोणीतरी किरकोळ, ब. बाकीचे सगळे क. बाकीचे सगळे म्हणजे तीन हजार माणसं.

अकराशे सत्तेचाळीसपाशी ते दोघं एका दुपारी पोचले. आरसा लावायची गरज नव्हती, लेख त्याला पाठ होता, त्यानेच घालायला दिला होता. दगडही त्यानेच निवडलेला. तेव्हा त्याला दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं, रंग बरा वाटला म्हणून मऊ दगड घेतला, आणि एकोणीस पावसाळ्यांनी वडिलांचं आडनाव खाऊन टाकलं. मुलगी एकदा दगडाकडे, एकदा त्याच्याकडे बघत म्हणाली, सर, ‘ब’ लिहू का? कोण बघतंय. आणि तो म्हणाला, “माझे वडील ‘क’ आहेत. ‘क’ लिही.” तिने लिहिलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट खात्यात पसरली. ती त्या मुलीनेच पसरवली असणार, कौतुकाने. पण तो प्रामाणिक असता तर त्याला हेही आठवायला हवं होतं की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने स्वतःच ती चौघांना पुन्हा सांगितली, ‘माझे वडील’ नंतर जरासा थांबून. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात तीच गोष्ट घेतली. असा माणूस पुन्हा होणे नाही. टाळ्या पडल्या. त्याने मान खाली घातली, जशी घालायची असते.

घरी आईला त्याने तेव्हाच सांगितलं होतं. आई मटार सोलत होती. ‘क’ म्हणजे काय, असं तिने विचारलं. म्हणजे साधे, तो म्हणाला. साधेच होते, असं म्हणून आईने पुढची शेंग उचलली. झालं, एवढंच. त्यात आणखी काही होतं का, हे तो आता बारा वर्षांनी, पावाची पिशवी घेऊन, पाणीखात्याच्या जुन्या बुरुजासमोर उभा राहून आठवत होता. बुरुजात आता खानावळ होती, वर गोल गच्चीत टेबलं मांडलेली. समोर जकातघर, त्याच्या पलीकडे दोरखंडवाल्यांची गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी जुनं पंपघर. सगळं ‘अ’. दफनभूमीतून निघून या चार ठिकाणांवरून परत फाटकाशी, असा फेरीचा रस्ता त्यानेच नकाशावर लाल पेन्सिलीने आखला होता आणि पाहुण्यांना स्वतः फिरवून आणलं होतं. पंपघरापाशी तो सांगायचा, या विटा बघा, या कमानीला आधार नाही, ती स्वतःच्याच भाराने उभी आहे. पाहुणे वर बघायचे. त्या कमानीखालून त्याचे वडील तेहेतीस वर्षं पहाटे तीनला कामावर गेले होते, हे त्याने एकाही पाहुण्याला सांगितलं नव्हतं. इमारत ‘अ’ होती. तिच्यात काम करणारा माणूस ‘क’ होता. हे दोन्ही त्यानेच ठरवलं होतं आणि त्यात काही विचित्र आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

वडील चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, त्यात माणसाएवढी लांब चावी घालायची आणि एका पेठेचं पाणी बंद करून दुसऱ्या पेठेचं सोडायचं. शहर उठायच्या आत सहा पेठा करून यायचं. सकाळी घरी आले की ते झोपायचे, दुपारी उठले की पुन्हा पंपघर. आईच्या अंथरुणाशेजारचं अंथरूण रात्री दोनपासून रिकामं असायचं. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे, हवापाण्यासारखं सांगायची. पण वडील गेले तेव्हा, थडगं खणणाऱ्याजवळ जाऊन, सगळ्यांच्या देखत, तिने सांगितलं होतं की खोल खणा, वर मी यायची आहे. खणणारा हसला नव्हता. त्याने दोन हात जास्त खणलं. कोपऱ्यात नवी जागा देणं त्यानंतर लगेच बंद झालं होतं, पण जुन्या जागेत घरच्या माणसाला ठेवता येत होतं, आणि वरचा तो दोन हातांचा मातीचा थर आई गेली एकतीस वर्षं आपला समजत होती. बाकी तिने कशावर हक्क सांगितला नाही. घर सुनेचं झालं, स्वयंपाकघर सुनेचं झालं, कपाटातला एक कप्पा तेवढा तिचा उरला. आता शहाऐंशीव्या वर्षी पडली, खुब्याला मार लागला, तेव्हा डॉक्टरांसमोर ती हेच म्हणाली, माझी जागा आहे, तुम्ही काळजी करू नका.

ही नोटीस तिला सांगायची कशी? तो चार दिवस काही बोलला नाही. चार दिवस त्याच्या डोक्यात टाळ्या वाजत राहिल्या. कारण खरं काय होतं ते त्याला माहीत होतं, इतर कोणाला नसलं तरी. यादी करताना संचालकांचा फोन आला होता, त्यांच्या बायकोच्या पणजोबांचं थडगं म्हणून. लाकडाचा व्यापारी, आयुष्यात जंगलं तोडण्यापलीकडे काही केलेलं नाही. त्याने ‘अ’ लिहिलं होतं आणि शेऱ्यात ‘नगरविकासातील योगदान’. आणखी पाच-सहा तशी होती. तो घाबरट होता, एवढाच त्याचा अर्थ. वर सोडायचं आणि खाली कापायचं, आणि खाली कापायला सगळ्यात सोयीचे आपलेच वडील, कारण ते फोन करणार नव्हते. त्याचा प्रामाणिकपणा घरच्या घरी, घरच्यांच्या जिवावर झाला होता. जिचं नुकसान होणार होतं त्या बाईला त्याने ‘क’ म्हणजे साधे असं समजावलं होतं.

पाचव्या दिवशी तो खात्यात गेला. आरसा धरणारी मुलगी आता तिथली प्रमुख होती, जकातघराच्या वरच्या मजल्यावर बसायची. नाक आता सोललेलं नव्हतं. या सर, म्हणून ती उठली, खुर्ची पुढे केली, त्याने “अगं” अशी सुरुवात केली. तेवढ्यात शिपाई फाइल घेऊन आत आला, तो तिला मॅडम म्हणाला, आणि याच्या तोंडचं ‘अगं’ जे गेलं ते गेलंच. पुढचं सगळं तो तिच्याशी ‘तुम्ही’ने बोलला. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने दुरुस्त केलं नाही. तिला सगळं आधीच माहीत होतं. यादी नोटिशीला जोडताना अकराशे सत्तेचाळीसवर ती थांबली होती, असं तिने सांगितलं.

“श्रेणी मी बदलू शकत नाही, सर. नियम तुमचाच आहे. नवी ऐतिहासिक माहिती हाती आली तरच.” मग टेबलावरचं पेन उगाच सरळ ठेवत म्हणाली, “माहितीखाली तुमची सही असली तर समितीत कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही.”

 ती कसलं दार उघडून देत होती ते त्याला कळलं होतं. तो उठला तेव्हा ती दारापर्यंत आली आणि अडखळत म्हणाली, ‘क’ वरून ‘अ’ म्हणजे सर सगळ्या बाजूंनी विचार करा, घरी आईंना आधी विचारा. त्याला राग आला. हिला मी उन्हात उभं राहायला शिकवलं आणि ही मला खरंखोटं शिकवतेय. जिना उतरताना तो मनात तिच्याशी ‘अगं’ने भांडत होता.

खोटं रचायला त्याला बाहेर जावंच लागलं नाही. चांगल्या नोंद ठेवणाऱ्याला कागदातली भोकंही पाठ असतात. पंचावन्न वर्षांपूर्वी धान्यबाजाराला मोठी आग लागली होती. सकाळी सुरू झाली, दुपारपर्यंत दोन गल्ल्या गेल्या, बंबाच्या नळ्यांत पाणीच जोर धरेना. चारच्या सुमाराला अचानक पाण्याला जोर आला आणि उरलेल्या पेठा वाचल्या. अग्निशमनाच्या अहवालात तिथे एक ओळ होती: दाब वाढल्याचे कारण नोंदलेले नाही. ही ओळ त्याने तरुणपणी वाचली होती आणि ती दात पडलेल्या जागेसारखी त्याच्या जिभेला लागत राहिली होती. त्या जागी त्याने वडिलांना बसवलं. वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न बघता एका चावीवाल्याने पाच पेठांचं पाणी तोडलं आणि सगळं बाजाराकडे वळवलं. हुकूम मोडला म्हणून गप्प राहिला, घरच्यांखेरीज कोणाला बोलला नाही. दोन पानं झाली. लिहिताना त्याचे डोळे भरून आले. वडील घामाने निथळत चावी फिरवताहेत असं त्याला खरोखरीच दिसलं, इतकं जवळून त्याने त्यांना ते जिवंत असताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने सही केली. बायकोने पानं वाचली आणि एवढंच म्हणाली की मामंजी असं काही करतील असं वाटलं नव्हतं. तिलाही पटलं होतं, याचा त्याला आनंद झाला आणि मग लाज वाटली. पण आनंद आधी झाला.

महिन्याभराने पत्र आलं. क्रमांक अकराशे सत्तेचाळीस, श्रेणी अ. दगडाशेजारी फलक लागेल, फेरीच्या नकाशावर नवा थांबा दाखवला जाईल. तो ते घेऊन आईच्या खोलीत गेला. आई खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर, मांडीवर धुतलेले हातरुमाल, ते ती घडी घालून ठेवत होती. त्याने आधी नोटिशीचं सांगितलं, मग लगेच ते संकट कसं टळलं ते सांगितलं, मधे तिला घाबरायला जागा ठेवली नाही. पत्र वाचून दाखवलं. आगीचं वाचताना त्याचा आवाज थोडा चढला, फेरीतल्या पाहुण्यांसमोर चढायचा तसा.

आईने हात थांबवला. धान्यबाजाराची आग का, असं विचारलं. हो, तीच. 

“त्या दिवशी ते कामावर नव्हते. धाकटीच्या वेळची गोष्ट ती. तुला मावशीकडे ठेवलं होतं. मी आत, ते बाहेर बाकावर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बाजार जळतोय म्हणून पंपघराचा माणूस दोनदा बोलवायला आला, ते उठले नाहीत. नर्स येऊन मला सांगायची, अजून बसलेत हो. जन्मात तेवढी एकच रजा घेतली त्यांनी माझ्यासाठी.”

धाकट्या बहिणीचा वाढदिवस त्याला तारखेने कधीच आठवत नसे, बायको सकाळी आठवण करायची, मग तो फोन करायचा. तीन हजार परक्या माणसांच्या मरणाच्या तारखा मात्र त्याला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता आल्या असत्या. त्याला वाटलं, आता आई रडेल किंवा पत्र फाडायला सांगेल. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. पण आईने पुढचा रुमाल उचलला, त्याच्या कडा जुळवल्या.

“असू दे,” ती म्हणाली. “तुला दुसरं काही सुचलं नसेल. ते तिथंच राहतायत ना?”

राहतायत, तो म्हणाला, कायमचे, आता कोणी हात लावू शकत नाही. मग बरं, असं म्हणून ती सांगू लागली की माझ्या वेळी तेवढा दगड नीट बाजूला ठेवायला लाव, फोडू नका म्हणावं, आणि वरचेच दोन हात खणायचेत, खाली लागू देऊ नका, खणणारा नवीन असेल, त्याला माहीत नसणार. तो हो म्हणायला तोंड उघडून बसला आणि तसाच राहिला. ‘हात लावू शकत नाही’ हे शब्द त्याच्या कानात परत आले, आणि त्यांच्यामागून त्यांचा बाकीचा मजकूर आला, कलम नऊ, त्याच्याच अक्षरात. ‘अ’ व ‘ब’ श्रेणीतील कोणतेही थडगे कोणत्याही कारणास्तव उघडले जाणार नाही. कुटुंबीयांचा पूर्वापार हक्क येथे संपुष्टात येईल. एका घराण्याने आजीला ठेवण्यासाठी कोरीव झाकण फोडलं होतं, तेव्हा संतापून त्याने ते लिहिलं होतं, आणि ‘कोणत्याही कारणास्तव’ हे दोन शब्द साहेब काढत असताना भांडून ठेवून घेतले होते. महिनाभर तो दगडासाठी झटला होता. दगड उचलणार, दगड वाचला पाहिजे, दगडाला श्रेणी हवी. आईला दगड नकोच होता. तिला जागा हवी होती, आणि ती त्याच्या ध्यानातच आली नव्हती, कारण जागेला त्याच्या यादीत रकाना नव्हता. मॅडमने दारात सांगितलं होतं, आईंना विचारा. तिला कलम नऊ पाठ होतं. आपण मात्र तिच्यावर डाफरत जिना उतरलो. तेल गेलं, तूप गेलं, आणि हे धुपाटणं हातात घेऊन आपण आईसमोर वाचून दाखवायला बसलोय.

सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. पुष्कळसं त्याने नियमाच्याच भाषेत सांगितलं, ती भाषा त्याला सोपी जात होती.  पत्र परत फिरवता येईल का, एवढं तिने शेवटी विचारलं. फिरवता येईल, तो म्हणाला, खोटं होतं असं लिहून देऊन, पण मग ते पुन्हा ‘क’, मग पेटीत, आणि पेटीशेजारी कोणाला ठेवत नाहीत. आईने मान हलवली. रुमालांचा गठ्ठा तिने स्टुलावर ठेवला, पायाला लागत होता म्हणून पुन्हा मांडीवर घेतला. तो म्हणाला, मी बघतो काहीतरी, मॅडम माझ्या हाताखालची आहे. ‘होती’ म्हणायचं होतं, पण तेही राहून गेलं.

“नको,” आई म्हणाली. “तू काही बघू नकोस. धाकटीला फोन लाव.”

त्याने फोन काढला. आई सांगत होती की धाकटीच्या गावी टेकडीखाली जागा आहे, तिची सासू तिथंच ठेवलीय, झाडंबिडं आहेत, ऊन लागत नाही. मला तिथं ठेवा. ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, दुसऱ्या बसची वेळ विचारून घेतल्यासारखं. पलीकडे घंटा वाजू लागली. बहिणीला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याची तो जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात आईने त्याच्या मनगटाला हात लावला.

“तिथली यादी तू नाही ना केलेली?”

टोमणा असता तर त्याने तो मुकाट्याने घेतला असता, त्याला बरंही वाटलं असतं. पण आई खरंच विचारत होती. उत्तर हवं होतं तिला.

“नाही,” तो म्हणाला. “तिथली कोणीच केलेली नाही.”

“मग चालेल,” आई म्हणाली.